परदेशी शिक्षणाची शिदोरी

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणे ही एके काळी संस्थानिकांच्या आश्रयाने किंवा धनिकांच्या औदार्याने साध्य होणारी गोष्ट होती. आज ती स्थिती राहिलेली नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून अस्तित्वात आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. बँकांकडून मिळणाऱ्या शैक्षणिक कर्जामुळेही अनेकांची वाट सुकर झाली. परिणामी ज्या घरातील कोणी कधी विमानात पाऊल ठेवलेले नाही, अशा घरांतील मुले-मुली आज लंडन, मँचेस्टर, एडिंबरो येथील विद्यापीठांत दाखल होताना दिसतात.

प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती वा कर्ज मंजूर झाले, की अशा घरात पहिली चर्चा सुरू होते ती सामानाची. आई पापड-कुरडया काढून ठेवते, मावशी मसाले कुटून आणते, शेजारी गोधडी देऊ करतात आणि कोणी जाणकार नवा कुकर घेण्याचा सल्ला देतो. या वस्तूंमागील माया मोठी असते यात शंका नाही. तथापि विमान कंपनीचा काटा माया जाणत नाही आणि परक्या देशाचा सीमाशुल्क अधिकारीही ती जाणत नाही. म्हणून सामानाची निवड करताना एक साधी कसोटी लावणे हितावह ठरते. जी वस्तू तेथे मिळणारच नाही ती प्रथम घ्यावी. जी पहिल्या दोन आठवड्यांत लागेल ती त्यानंतर घ्यावी. आणि जी तेथे सहज मिळते ती शक्यतो घरीच ठेवावी.

या कसोटीवर प्रत्येक वस्तू घासून पाहिली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. जी वस्तू परदेशात कोणत्याही किमतीला मिळत नाही, ती पापड वा मसाला नव्हे. ती म्हणजे विद्यार्थ्याची कागदपत्रे. आणि ही कागदपत्रे शाळेत, ग्रामपंचायतीत व तहसील कार्यालयात तयार होत असतात. त्या अर्थाने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याची बॅग भरण्यास प्रारंभ गावातच आणि प्रवासाच्या कित्येक वर्षे आधी झालेला असतो.

प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. विवेचन नेमके व्हावे म्हणून येथे सप्टेंबर महिन्यात एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेतले आहे. नियम वेळोवेळी बदलत असल्यामुळे निघण्यापूर्वी विमान कंपनी व त्या देशाचे शासन यांच्या अधिकृत सूचना पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे आहे.

दोन जुने प्रवास

महाराष्ट्राला या विषयाची परंपरा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. देशी वेष व शाकाहार सोडावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. परंतु तेथील कडाक्याच्या थंडीत नऊवारी पातळाने पायांचे पुरेसे रक्षण होईना. तेव्हा त्यांनी साडी सोडली नाही, ती नेसण्याची पद्धत बदलली आणि गुजराती धर्तीने पायघोळ साडी नेसण्यास सुरुवात केली. निश्चय न मोडता हवामानाशी जुळवून घेण्याचे हे उदाहरण आजही बोधप्रद आहे.

दुसरा प्रवास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व पुढे १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्राच्या अध्ययनासाठी दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने पाठविण्यात आली होती ते त्यांच्या स्वतःच्या जहाजाहून वेगळे होते. जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात ते जहाज बुडाले आणि पुस्तकेही गेली. तरीही १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी. एस्सी. ही पदवी संपादन केली. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात त्या काळात त्यांचे वास्तव्य होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक उभारले.

आज समुद्रावर पाणबुडीची भीती नाही. परंतु विमान बदलताना सामान मागे राहणे, दुसऱ्याच शहरी जाणे वा उशिरा मिळणे हे प्रकार आजही घडतात. म्हणून ज्याच्यावाचून पहिला दिवस अडेल ते स्वतःच्या हाती असावे, हा प्रवासाचा पहिला नियम मानावा.

वजनाचे गणित

विमानप्रवासात सामानाचे दोन भाग असतात. एक विमानाच्या पोटात जाणारे मोठे सामान व दुसरे प्रवाशाने स्वतःजवळ ठेवावयाचे हातातील सामान. मोठ्या बॅगेची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत प्रत्येक बॅगेस २३ किलो असते. काही कंपन्या एक, तर काही दोन बॅगा नेऊ देतात. जादा पैसे भरले तरी ३२ किलोंहून जड अशी एक बॅग सामान्यतः स्वीकारली जात नाही, कारण ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार या नियमामागे आहे. हातातील सामानाची मर्यादा बहुधा ७ ते ८ किलोंची असते. नेमका आकडा तिकिटावर छापलेला असतो व तोच प्रमाण मानावा.

रिकाम्या बॅगेचेही वजन असते ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. चांगली मोठी बॅग तीन ते चार किलोंची भरते. म्हणजे २३ किलोंतून प्रत्यक्ष सामानासाठी १९ ते २० किलोच उरतात. त्यात दोन किलोंचा कुकर, दोन किलोंचा जाड कोट आणि पाच किलोंचा तांदूळ घातला, तर निम्मी बॅग अशाच वस्तूंनी भरते की ज्या तेथील बाजारात मिळतात. लंडनचा साउथॉल व वेम्बली हा भाग, तसेच लेस्टर, बर्मिंगहॅम या शहरांत भारतीय किराणा दुकाने मोठ्या संख्येने आहेत. तूरडाळ, पोहे, गव्हाचे पीठ, हळद, हिंग या वस्तू तेथे विनासायास मिळतात.

भरलेल्या बॅगेचे वजन विमानतळावर प्रथमच कळावे, हे योग्य नव्हे. तेथे रांगेत उभे राहून बॅग उघडावी लागते, वस्तू काढून द्याव्या लागतात किंवा मोठा आकार भरावा लागतो. गावातील किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर दोन दिवस आधी बॅग चढवून पाहिली, तर हा प्रसंग टळतो. मर्यादेपेक्षा एक-दीड किलो कमीच भरणे शहाणपणाचे, कारण दोन काट्यांत थोडा फरक असू शकतो.

हातातील बॅग

हातातील बॅगेत पारपत्र, विद्यापीठाचे प्रवेशनिश्चितीपत्र, शिष्यवृत्ती वा कर्जमंजुरीचा आदेश, राहण्याच्या जागेचा करार, दहावीपासून पदवीपर्यंतची मूळ गुणपत्रके व प्रमाणपत्रे, विद्यापीठाने दिलेला एकत्रित गुणतक्ता आणि जन्मदाखला ही कागदपत्रे असावीत. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी भारतातून ब्रिटनला जाणाऱ्यास व्हिसाच्या अर्जासोबत मान्यताप्राप्त केंद्राचे क्षयरोग तपासणी प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याची मूळ प्रतही सोबत ठेवावी. यांपैकी कोणताही कागद मोठ्या बॅगेत ठेवू नये.

याच कागदांच्या छायाप्रतींचा एक संच मोठ्या बॅगेत, दुसरा घरी विश्वासू व्यक्तीकडे आणि तिसरा संगणकीय स्वरूपात ठेवावा. मूळ पारपत्र हरवले तर त्या देशातील भारतीय उच्चायुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो आणि त्या वेळी जुन्या पारपत्राची छायाप्रत अतिशय उपयोगी पडते.

व्हिसाच्या बाबतीत अलीकडे मोठा बदल झाला आहे. ब्रिटनने पूर्वीची निवासपत्रे २०२४ च्या अखेरीस बंद केली आणि २०२५ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना पारपत्रावर चिकटविलेल्या कागदाऐवजी संगणकीय व्हिसा मिळू लागला. हा व्हिसा पाहण्यासाठी त्या शासनाच्या संकेतस्थळावरील खाते उघडावे लागते व त्या वेळी नोंदविलेल्या भ्रमणध्वनीवर वा ईमेलवर सांकेतिक अंक येतो. भारतातील बँकेचा व्यवहारही अशाच अंकावर चालतो. म्हणून निघण्याच्या घाईत जुने सिमकार्ड बंद करू नये. त्यावर परदेशात संदेश येतील अशी सोय करून तेही सोबत न्यावे. अर्ज करताना सायबर कॅफेचालकाचा क्रमांक वा ईमेल दिला असेल, तर तो प्रवासापूर्वीच बदलून घ्यावा. एवढ्याशा कार्डाचे वजन काही नाही. परंतु त्याच्या अभावी शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात असूनही हाती न येण्याचा प्रसंग ओढवू शकतो.

हातातील सामानातील पातळ पदार्थांच्या नियमाकडेही लक्ष द्यावे. आंतरराष्ट्रीय प्रवासात तेल, मलम, सरबत, लोणचे, तूप असे पदार्थ १०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाहीत. बाटली अर्धी रिकामी असली तरी बाटलीचा आकारच विचारात घेतला जातो.

याउलट भ्रमणध्वनी भारित करण्याची पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी लागते. तिच्यातील लिथियम बॅटरीने क्वचित पेट घेतल्यास प्रवासी-कक्षात ती त्वरित विझविता येते. सामानकक्षात ते शक्य नसते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक नेण्यास सामान्यतः आडकाठी नसते. मात्र तिच्यावर क्षमता स्पष्ट छापलेली असावी.

औषधे व चष्मा

नियमित औषध घेणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या काही आठवड्यांचा साठा हातातील बॅगेतच ठेवावा. औषधे मूळ वेष्टनात असावीत आणि सोबत डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र असावे. त्या पत्रात औषधाचे केवळ व्यापारी नाव न देता मूळ नाव लिहून घ्यावे, कारण व्यापारी नावे देशोदेशी निरनिराळी असतात. काही तीव्र वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या व कोडीनसारखे घटक असलेली औषधे ब्रिटनमध्ये नियंत्रित मानली जातात. अशा औषधांसाठी डॉक्टरांचे पत्र अनिवार्य समजावे आणि तीन महिन्यांहून अधिक साठा नेऊ नये. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणारी प्रतिजैविके तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाहीत. तथापि म्हणून घरातील उरलीसुरली प्रतिजैविके गोळा करून नेणे योग्य नाही. व्हिसाच्या वेळीच विद्यार्थ्याने आरोग्य अधिभार भरलेला असतो. २०२४ मध्ये तो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड असा ठरविण्यात आला. एवढी रक्कम भरल्यावर पोहोचताच जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवून त्या सेवेचा लाभ घेणे, हाच सरळ मार्ग होय.

या अधिभारात दातांच्या उपचारांचा वा चष्म्याचा पूर्ण खर्च मात्र येत नाही. म्हणून किडलेले दात निघण्यापूर्वीच भरून घ्यावेत, डोळे तपासून घ्यावेत आणि एक जादा चष्मा व चष्म्याच्या क्रमांकाची चिठ्ठी सोबत ठेवावी. लहानपणीच्या लसीकरणाचे कार्डही न्यावे. गोवराची लस दोनदा घेतल्याची खात्री करावी. मेंदूज्वरप्रतिबंधक लस ब्रिटनमध्ये प्रथमच विद्यापीठात येणाऱ्या २५ वर्षांखालील विद्यार्थ्यांना विनामूल्य दिली जाते. परदेशी विद्यार्थीही त्यास पात्र असतात.

खाद्यपदार्थ

सर्वांत अधिक माया आणि सर्वांत अधिक गोंधळ याच ठिकाणी आढळतो. भारतातून ब्रिटनमध्ये मांस तसेच दूध व दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही नेण्यास मनाई आहे. साहजिकच पेढे, बर्फी, खवा, पनीर, साजूक तूप हे जिन्नस तेथील विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. यामागे परक्या अन्नाविषयी तुच्छता नसून लाळ्या-खुरकत यांसारखे जनावरांचे रोग देशात शिरू नयेत, ही काळजी आहे. गुरे पाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती सहज समजावी. ताजी फळे, पालेभाज्या, कढीपत्ता, रोपे यांबाबतही असेच बंधन असून बहुतेक जिनसांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. आंबे-कैऱ्या किंवा तुळशीचे रोप बॅगेत घालून देऊ नये.

प्रवासास निघणाऱ्याच्या हाती श्रीफळ देण्याची आपली रीत आहे. तथापि सुके खोबरे मोठ्या बॅगेत नेण्यास मार्च २०२२ पासून भारतीय विमानसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण अधिक असल्याने ते आपोआप तापून पेटण्याचा संभव असतो. कापूर व काडेपेटी यांनाही ज्वालाग्राही म्हणून विमानात स्थान नाही. देवपूजेचे सामान भरून देताना या वस्तू वगळाव्यात. शुभेच्छेचे श्रीफळ घरच्या देव्हाऱ्यापुढे ठेवले तरी तिचे मोल कमी होत नाही.

मग न्यावे काय? गोडा मसाला, मेतकूट, लसणाची वा तिळाची कोरडी चटणी, भाजणी यांसारखे घरगुती कोरडे जिन्नस थोड्या प्रमाणात, घट्ट बंद पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहून न्यावेत. गोडा मसाला कोणत्या घरी कसा होतो, ते त्या घरालाच ठाऊक असते, आणि तो परदेशी बाजारात मिळत नाही. म्हणजे तो आपल्या कसोटीस उतरतो. साखर, मीठ व तांदूळ उतरत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते टिकाऊ खाणे जवळ असले, की दुकाने शोधून काढण्यास उसंत मिळते.

वस्तूंपेक्षाही मोलाची अशी एक गोष्ट घरातून नेता येते व तिला वजन नसते, ती म्हणजे स्वयंपाकाचे ज्ञान. वरण-भात, पोळी, दोन भाज्या व खिचडी एवढे करता येणारा विद्यार्थी आजारी कमी पडतो आणि पैसेही राखून असतो. निघण्यापूर्वीचा एक महिना मुलाने वा मुलीने घरच्या स्वयंपाकघरात हात चालविला, तर ती तयारी बॅगेतील दहा डब्यांहून अधिक उपयोगी ठरते. याबाबतीत मुलगा व मुलगी असा भेद करण्याचे कारण नाही.

कपडे, उपकरणे व पैसा

ब्रिटनमध्ये सप्टेंबरात हवा सौम्य असते. खरी थंडी नोव्हेंबरपासून जाणवते. डिसेंबरात लंडनला सूर्य आठनंतर उगवतो व चारपूर्वी मावळतो. तेथील इमारती आतून उबदार ठेवलेल्या असतात. त्यामुळे एकच अतिजाड कपडा घालण्यापेक्षा एकावर एक पातळ थर घालणे सोयीचे पडते. आत अंगालगत बसणारा गरम कपडा, त्यावर सदरा, त्यावर स्वेटर व सर्वांत वर पाऊस-वारा अडविणारे जाकीट अशी रचना असावी. दोन-तीन गरम अंतर्वस्त्रे, लोकरी मोजे, एक स्वेटर, पाण्यात टिकणारे मजबूत बूट आणि समारंभासाठी एक पोशाख एवढे येथून न्यावे. जाड कोट तेथे गेल्यावर घेतला तरी चालतो. धर्मादाय संस्थांच्या दुकानांत वापरलेले चांगले कोट स्वस्तात मिळतात. येथूनच घेतला असल्यास तो बॅगेत न घालता प्रवासात अंगावर घालावा.

विजेचा दाब भारत व ब्रिटन या दोन्ही देशांत सारखाच, सुमारे २३० व्होल्ट असल्यामुळे आपली उपकरणे तेथे चालतात; फक्त प्लगचा आकार निराळा आहे. तेथील प्लगला तीन चपट्या पिना असतात. त्यासाठी दोन अडॅप्टर पुरेसे होतात. कुकर न्यावयाचाच असेल तर एक बाब पाहून घ्यावी. अनेक वसतिगृहांत इंडक्शनची शेगडी असते आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. वसतिगृहाच्या नियमांत उदबत्ती, मेणबत्ती व काही विद्युत उपकरणे यांना बहुधा मनाई असते. ते नियम आधी वाचावेत.

पोहोचल्यावर बँकेत खाते उघडण्यास काही दिवस लागतात. तोपर्यंतचा खर्च भागविण्यासाठी बँकेचे परकीय चलनाचे कार्ड व थोडे पौंड रोख जवळ असावेत. भारतातून निघताना परकीय चलनी नोटा ३,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येतात; भारतीय चलनाची मर्यादा २५,००० रुपये आहे. सर्व पैसा एकाच पाकिटात ठेवू नये, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

नावातील एक अक्षर

आता सामानातील सर्वांत हलक्या, पण सर्वांत मोलाच्या भागाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या सर्व कागदांवर एकच नाव, एकच जन्मतारीख व एकच लेखन असावे, अशी अपेक्षा परदेशी विद्यापीठे व वकिलाती बाळगतात. आपल्याकडे नेमके येथेच घोटाळे होतात. शाळेच्या नोंदीत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव व वडिलांचे नाव येते. पारपत्रात आडनाव व दिलेले नाव असे दोन निराळे रकाने असतात. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा स्वागतार्ह निर्णय राज्य शासनाने घेतला असल्याने, पुढील पिढीच्या बाबतीत हा क्रम सर्वत्र सारखा ठेवण्याची दक्षता अधिकच घ्यावी लागेल.

रोमन लिपीत नाव लिहिताना आणखी फरक पडतात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कोणी ‘डी, एन, वाय’ या अक्षरांनी सुरू करतो, तर कोणी ‘जी, वाय’ने. ‘लक्ष्मण’ एका कागदावर ‘एक्स’ने व दुसऱ्यावर ‘के, एस, एच’ने लिहिला जातो. मराठी वाचणाऱ्यास ही दोन्ही नावे एकच दिसतात. परंतु मराठी न जाणणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्या दोन निराळ्या व्यक्ती ठरतात. मग प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील प्रसिद्धी व कार्यालयांच्या खेपा सुरू होतात आणि तिकडे विद्यापीठाने दिलेली मुदत पुढे सरकत असते. एक अक्षर वेळेवर दुरुस्त न झाल्याने वर्ष वाया जाणे, ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने लहान हानी नव्हे.

हे टाळण्याचे सामर्थ्य शाळेच्या हाती आहे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज शाळेच्या जनरल रजिस्टरवरून भरला जातो आणि मंडळाचे प्रमाणपत्र त्या अर्जावरून तयार होते. विद्यार्थी शाळेत असेतोवर नोंदीतील चूक रीतसर दुरुस्त करणे तुलनेने सुलभ असते. शाळा सोडल्यावर तेच काम अतिशय अवघड बनते. म्हणून आठवी-नववीच्या वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधारकार्ड व रजिस्टरमधील नोंद पालकांच्या समक्ष ताडून पाहावी आणि रोमन लिपीतील नावाचे लेखन तेव्हाच निश्चित करावे.

ग्रामपंचायतीचा वाटा याहून आधीचा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद होते. पुष्कळ जुन्या नोंदींत बाळाचे नावच लिहिलेले नसते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हावयाचे असते. असे नाव मागाहून समाविष्ट करण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आणि चूक दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५ मध्ये आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर पारपत्राकरिता जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. सरपंच व सदस्यांनी ग्रामसभेत ही बाब समजावून सांगितली आणि नाव नसलेल्या नोंदींची यादी काढून ती कामे पूर्ण करविली, तर गावातील सर्वच मुलांची भावी अडचण एकाच वेळी दूर होईल.

तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांकडून अपेक्षा एवढीच, की उत्पन्न, जात व रहिवासाचे दाखले मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जामागे परदेशी विद्यापीठाची तारीख उभी आहे, याचे भान ठेवावे. काही कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल हे प्रमाणन घ्यावे लागते. भारत २००५ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय करारात सहभागी झाल्यापासून एकाच प्रमाणनाने काम होते. परंतु त्यापूर्वी राज्यातील सक्षम प्राधिकाऱ्याची स्वाक्षरी आवश्यक असते. यात जाणारे दिवस विद्यार्थ्याने आधीच हिशेबात धरावेत आणि कार्यालयांनी ते वाढू देऊ नयेत.

घरी काय ठेवावे

सामान भरून झाल्यावर घरी काय राहिले, याचीही एक यादी करावी. छायाप्रतींचा संच, विद्यापीठाचा व राहण्याच्या जागेचा पत्ता, परदेशातील मित्राचा क्रमांक, कर्जाच्या हप्त्याची तारीख व शिष्यवृत्ती कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार हे सर्व एका फाइलीत घालून घरातील लिहित्या-वाचत्या व्यक्तीकडे सोपवावे. आईवडील निरक्षर असल्यास गावातील शिक्षकांनी ही जबाबदारी आपण होऊन पत्करावी. परदेशातून एखादा कागद तातडीने मागविला गेल्यास घरच्यांची धावपळ त्यामुळे वाचते. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ कार्यरत आहे. विद्यापीठांतही भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटना असतात. त्यांचा पत्ता आधीच मिळवून ठेवला, तर सणासुदीला व अडीअडचणीला ओळखीचे माणूस सापडते.

परदेशी जाणारा विद्यार्थी वर्षभराने परत येईल तेव्हा बॅगेतील बहुतेक वस्तू संपलेल्या, झिजलेल्या वा तेथेच सोडून दिलेल्या असतील. नव्या पदवीच्या शेजारी त्याच जुन्या कागदांची फाइल मात्र तशीच हाती असेल, आणि नोकरीसाठी वा पुढील संशोधनासाठी तीच पुन्हा उघडली जाईल. ती फाइल निर्दोष असावी, यासाठी यंदा दहावीचे अर्ज भरले जाण्यापूर्वी प्रत्येक शाळेने आपले रजिस्टर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपली जन्मनोंदवही एकदा डोळ्यांखालून घालावी.